मेकअप आणि परफ्युम घ्यायला पहिल्यांदा दुकानात जाताय? मग दोन फेऱ्या करा

ब्युटी स्टोअरमध्ये पहिल्यांदा शिरणाऱ्या माणसाचा चेहरा मी खूप जवळून बघितलाय, कारण दोन वर्षं मी अशाच एका दुकानात काउंटरच्या पलीकडे उभी असायचे. दारातून आत आलं की लख्ख उजेड, जिकडे बघावं तिकडे आरसे, दहा वास एकदम नाकात शिरतात, भिंतभर लिपस्टिक, आणि तेवढ्यात कोणीतरी हसत पुढे येऊन विचारतं "काय दाखवू?" आणि माणूस गडबडून म्हणतो "काही नाही, असंच". मग अर्ध्या तासाने तोच माणूस पिशवी भरून बाहेर पडतो आणि त्यातल्या निम्म्या वस्तू महिन्याभरात ड्रॉवरच्या तळाला जातात. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच पण त्याहून वाईट म्हणजे लोकांना वाटतं की मेकअप आपल्याला शोभतच नाही, खरं तर चुकीची शेड शोभत नसते, एवढंच.

म्हणून अगदी नवीन असणाऱ्यांसाठी सगळं पहिल्यापासून सांगते. पण बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक गोष्ट धरून ठेवा: दोन फेऱ्या करायच्या. पहिली लावून बघायला, दुसरी विकत घ्यायला. फाउंडेशन (चेहऱ्याचा रंग एकसारखा दिसावा म्हणून लावायचा बेस) असो नाहीतर परफ्युम, लावल्या लावल्या जे असतं ते तासाभराने तसं राहत नाही, आणि तुम्ही वापरणार आहात ते तासाभरानंतरचं, पहिल्या मिनिटातलं नाही.

निघायच्या आधी, घरी

आधी स्वतःचा ड्रॉवर उघडा. काय संपलंय, काय कधीच वापरलं नाही, आणि ते का वापरलं नाही हे बघा (शेड चुकली, चिकट वाटलं, डोळे चुरचुरले, जे असेल ते). आता वापरत असलेल्या वस्तूंच्या मागच्या लेबलचे फोटो काढून ठेवा, दुकानात "माझं ते गुलाबी झाकणाचं होतं ना" यापेक्षा फोटो दाखवलेला शंभर पटीने बरा.

त्वचा कशी आहे ते माहीत नसेल तर एक साधी गोष्ट करा. साध्या फेसवॉशने तोंड धुवा, टिपा, काहीही न लावता तासभर थांबा. सगळीकडे ओढल्यासारखं वाटलं तर कोरडी, कपाळ-नाक-हनुवटी चमकायला लागली आणि गाल ठीक असतील तर मिश्र, सगळंच चमकलं तर तेलकट. एवढं माहीत असलं की दुकानातले निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

जाताना चेहऱ्यावर मेकअप नको पण रोजचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावून जा, कारण फाउंडेशन त्यावरच बसणार आहे, आणि खालचं आणि वरचं पटलं नाही तर लगेच गोळे गोळे होऊन निघायला लागतं, ते तिथल्या तिथे कळलेलं बरं. अंगावर परफ्युम, सुगंधी बॉडी लोशन काहीही नको. बाह्या वर सरकतील असे कपडे घाला. सर्दी झाली असेल तर परफ्युमचं काम त्या दिवशी सोडूनच द्या. आणि शक्यतो दिवसाउजेडी जा, संध्याकाळी गेलात तर शेड बघायला बाहेर उजेडच मिळणार नाही. गर्दी कमी असेल अशी वेळ गाठली तर आणखी चांगलं, मोकळ्या वेळेत स्टाफ पण मनापासून वेळ देतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतेय.

बरोबर टिश्यू, पेन आणि छोटा आरसा. पेन कशाला ते पुढे येईल.

आत गेल्यावर

पाच मिनिटं नुसता फेरफटका मारा, कशालाही हात लावू नका. साधारण एका बाजूला स्किनकेअर, एका बाजूला मेकअप, परफ्युमची वेगळी भिंत, असं असतं आणि मेकअप बहुतेक वेळा ब्रँडप्रमाणे मांडलेला असतो, वस्तूप्रमाणे नाही. म्हणजे पाच लिपस्टिक बघायच्या तर पाच ठिकाणी जावं लागतं, हे आधी माहीत असलं की गोंधळ होत नाही.

मग जो कोणी विचारायला येईल त्याला सरळ सांगा, "मी नवीन आहे, आज लावून बघणार आहे, घ्यायचं नंतर ठरवीन." यात काहीही ओशाळण्यासारखं नाही. टेस्टर, म्हणजे लावून बघायचे उघडे नग, त्यासाठीच ठेवलेले असतात. पूर्वी हा माल काउंटरच्या मागे, काचेच्या कपाटात असायचा आणि तुम्ही मागाल तेवढंच बाहेर यायचं. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या लिमोज शहरात दोमिनिक मांदोनो नावाच्या दुकानदाराने माल उघडा मांडला आणि गिऱ्हाइकाला स्वतः हात लावून बघू दिलं, त्याच धंद्यातून पुढे सेफोरा ही ब्युटी दुकानांची साखळी उभी राहिली आणि ही पद्धत जगभर पसरली. तेव्हा लावून बघणं हा या दुकानांचा पायाच आहे, कोणी उपकार करत नाहीये तुमच्यावर.

अजून एक प्रश्न जरूर विचारा: "तुम्ही दुकानाच्या आहात की एखाद्या ब्रँडच्या?" बऱ्याच ठिकाणी काउंटरवरची माणसं त्या त्या ब्रँडने नेमलेली असतात, साहजिकच ती आपलाच माल दाखवणार. त्यात खोटेपणा नाही, त्यांना त्या मालाची माहितीही चांगली असते, फक्त "सगळ्यात चांगलं कुठलं" हा प्रश्न अशा माणसाला विचारून उपयोग नाही, "तुमच्या ब्रँडमध्ये कोरड्या त्वचेसाठी काय आहे" असं विचारा.

टेस्टरची स्वच्छता, इथे अजिबात तडजोड नको

टेस्टरची लिपस्टिक थेट ओठाला लावायची नाही. कधीच नाही. ओठावर फोड येणारा हर्पिसचा विषाणू, वेगवेगळे जीवाणू, सगळं त्या एका टोकावरून फिरू शकतं. मस्काराचा टेस्टर डोळ्याला लावायचा नाही, आयलायनर आणि काजळसुद्धा नाही. एकदा वापरून टाकायच्या कांड्या आणि छोटे ब्रश मागा, बहुतेक दुकानात मिळतात, आणि एकदा त्वचेला लावलेली कांडी परत डबीत बुडवू नका. पावडर असेल तर वरचा थर टिश्यूने पुसून घ्या. लिपस्टिक असेल तर स्टाफला अल्कोहोलने पुसून द्यायला सांगा, तरीही ती हातावरच लावा. डोळ्यांत ओढायची वस्तू मनात असेल तर मनगटावर रेघ ओढून रंग बघा, मग हळूच पाणी लावा, चोळा, पसरते का बघा, तेवढी परीक्षा पुरते.

फाउंडेशन: इथे वेळ घालवा

आत गेल्यावर सगळ्यात आधी हेच करा, कारण याला बसायला वेळ लागतो आणि तोपर्यंत तुम्ही बाकीचं बघू शकता.

शेड म्हणजे दोन गोष्टी, किती गडद आणि कुठल्या झाकेची. या झाकेलाच अंडरटोन म्हणतात: वॉर्म म्हणजे पिवळसर-सोनेरी, कूल म्हणजे गुलाबी-लालसर, न्यूट्रल म्हणजे मधलं, आणि ऑलिव्ह म्हणजे थोडी हिरवट-राखाडी झाक. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हे बघून अंडरटोन ओळखायची युक्ती सगळीकडे सांगतात, पण माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही, शिरांचा रंग त्वचेच्या जाडीवर आणि उजेडावर पण असतो, आणि कितीतरी जणींना तो धड हिरवा पण वाटत नाही आणि निळा पण नाही. त्यापेक्षा लावून बघणं हा सरळ मार्ग.

कुठे लावायचं? हाताच्या मागे नाही, मनगटावर नाही. जबड्याच्या हाडावर, गालापासून मानेकडे उतरणारी बोटभर पट्टी. चेहरा आणि मान या दोन्हींशी जमलं पाहिजे, म्हणून तिथे. तीन शेड शेजारी शेजारी लावा, एक तुमचा अंदाज, एक त्याहून थोडी पिवळी, एक थोडी गडद. चोळून गायब करू नका, हलकं थापा.

एक मुलगी आली होती, नोकरीच्या मुलाखतीसाठी पहिलं फाउंडेशन घ्यायला. तिने मनगटाच्या आतल्या बाजूला एक शेड लावली, तिथे ती छान मिसळली, "हीच द्या" म्हणाली. मी म्हटलं थांब, जबड्यावर लावू. तीन पट्ट्या ओढल्या. आतल्या आरशात मधली पट्टी बरोबर वाटत होती आणि डावीकडची "ही फार पिवळी आहे ताई" असं तिचं म्हणणं. अर्ध्या तासाने छोटा आरसा हातात देऊन तिला दाराबाहेर सावलीत उभं केलं. मधली पट्टी आता गुलाबी दिसत होती, साबण नीट धुतला गेला नाही की कसं वर बसल्यासारखं दिसतं तसं. आणि ती पिवळी पट्टी सापडेचना. तिने मान इकडे तिकडे वळवून बघितली, शेवटी बोटाने चाचपली तेव्हा किंचित ओलसर लागली तिथे ती होती. सापडत नाही ती तुमची शेड.

अर्धा तास का थांबायचं, तर बरीच फाउंडेशन लावल्यानंतर थोडी गडद किंवा नारिंगी होतात. आतलं पाणी आणि पातळ सिलिकॉन उडून जातं, त्वचेचं तेल रंगात मिसळतं, हवा लागते, आणि रंग बदलतो, याला सगळे ऑक्सिडाइझ होणं म्हणतात. तेलकट त्वचेवर हे जास्त दिसतं. दुकानाच्या दिव्यांचा प्रश्न वेगळाच, कुठे पिवळे, कुठे निळसर पांढरे, त्यामुळे दाराबाहेर जाऊन बघणं अत्यावश्यक. भर उन्हात नाही, सावलीतल्या मोकळ्या उजेडात.

शेडच्या नावांवर विसंबू नका. बहुतेक ब्रँडमध्ये डब्ल्यू म्हणजे वॉर्म, सी म्हणजे कूल, एन म्हणजे न्यूट्रल असतं, पण मॅक या ब्रँडमध्ये एनसी ही मालिका पिवळसर-सोनेरी त्वचेसाठी असते आणि एनडब्ल्यू गुलाबी झाकेसाठी, म्हणजे बरोब्बर उलटं वाटतं, आणि नवीन माणूस इथे हमखास फसतो. आकडे पण एका ब्रँडचे दुसऱ्याला लागू होत नाहीत. आणि एखाद्या ब्रँडमध्ये तुमची शेडच नसेल तर दोष तुमच्या चेहऱ्याचा नाही, सरळ पुढच्या काउंटरवर जा. २०१७ मध्ये फेंटी ब्युटीने ४० शेड घेऊन फाउंडेशन आणलं आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांना आपली यादी वाढवावी लागली, त्यामुळे आता सावळ्या आणि गडद रंगासाठी पूर्वीपेक्षा खूप जास्त पर्याय आहेत. "थोडी उजळ घ्या, छान दिसेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. प्लीज. चेहरा पांढुरका आणि मान वेगळी हे कोणालाच छान दिसत नाही, आणि तुमचा रंग सुधारायची गरज आहे असं तुम्हाला वाटायला लावणं मला मनापासून खटकतं.

तेलकट त्वचेला मॅट म्हणजे अजिबात न चमकणारं, कोरडीला ड्युई म्हणजे ओलसर चमक असलेलं, मधल्यांना सॅटिन. कव्हरेज, म्हणजे ते त्वचा किती झाकतं, पहिल्यांदा हलकं किंवा मध्यम घ्या, डाग झाकायला तेवढ्यापुरता कन्सीलर असतोच. बाटलीवर एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) लिहिलं असेल तरी सनस्क्रीन वेगळं लागतंच, कारण एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून मोजतात आणि इतकं फाउंडेशन कोणी लावत नाही.

बाकीचा मेकअप, पटकन

लिपस्टिकचा रंग हाताच्या मागे लावून कळत नाही. बोटाच्या टोकावर लावा, तिथला गुलाबीपणा ओठाच्या जास्त जवळ असतो, मग ते बोट ओठांशेजारी धरून आरशात बघा. ओठ मुळातच गडद असतील तर फिकट न्यूड (त्वचेच्या रंगाच्या जवळची) शेड डबीत दिसते तशी कधीच येणार नाही, थोडी गडद, तपकिरी किंवा बेरीकडे झुकणारी घ्या. दात जरा पिवळसर वाटत असतील तर निळसर झाकेचा लाल घेतला की ते पांढरे दिसतात, नारिंगी लालाने उलट होतं.

अठरा रंगांची आयशॅडो पॅलेट पहिल्या खेपेला घेऊ नका. त्यातले दोन तपकिरी संपतात आणि सोळा तसेच राहतात, हे मी इतक्या जणींकडे बघितलंय. दोन मॅट रंग सुटे घ्या, एक तुमच्या पापणीच्या रंगाचा, एक त्याहून गडद. ब्रशचा सेट पण नको, सुरुवातीला बोटं आणि एक स्पंज बस झाला. माझ्या मते नवशिक्याला एक बेस किंवा नुसता कन्सीलर, एक काजळ किंवा मस्कारा, आणि गालाला पण चालेल अशी एक क्रीमी लिपस्टिक, इतकं पुष्कळ आहे, यावर दोन महिने हात बसवा आणि मग काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. पावडर घेणार असाल तर एक करून बघा, लावल्यावर फ्लॅश लावून एक फोटो काढा, सिलिका असलेल्या काही पावडरी फोटोत एकदम पांढऱ्या उमटतात.

परफ्युम: फाउंडेशन सुकतंय तोपर्यंत

आधी बाटलीवरचे शब्द. सुगंधी तेलाचं प्रमाण साधारण असं असतं: परफ्युम किंवा एक्स्ट्रे २० ते ३० टक्के, ओ द परफ्युम म्हणजे ईडीपी १५ ते २० टक्के, ओ द टॉयलेट म्हणजे ईडीटी ५ ते १५ टक्के, कोलोन २ ते ५ टक्के. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. आणि एकाच नावाचा ईडीटी आणि ईडीपी म्हणजे नुसता पातळ आणि घट्ट असं नसतं, बऱ्याचदा आतली मांडणीच वेगळी असते, त्यामुळे दोन्ही हुंगा. कोलोन हा शब्द जर्मनीतल्या कोलोन शहरावरून आलाय, तिथे १७०९ साली सुरू झालेलं फारिनांचं घराणं आजही आहे, आणि तो ताजा लिंबू-संत्र्याचा हलका वास हीच त्या प्रकाराची ओळख.

बहुतेक परफ्युम तीन टप्प्यांत उलगडतात. सुरुवातीला टॉप नोट, म्हणजे लिंबू, बर्गमोट असे भुर्रकन उडणारे वास, पंधरा ते तीस मिनिटं. मग मधला भाग, गुलाब, मोगऱ्यासारखी फुलं, मसाले, दोनतीन तास. आणि शेवटी तळाचा वास, चंदन, मस्क, व्हॅनिला, अंबर, ऊद, हा सगळ्यात जड म्हणून सगळ्यात उशिरापर्यंत टिकतो. दिवसाचा जास्तीत जास्त वेळ तुम्ही या शेवटच्या वासात असणार आहात आणि दुकानात तो भेटतच नाही, दुकानात भेटतो फक्त पहिला.

आमच्याकडे एक काका आले होते, काकूंसाठी परफ्युम बघायला. पट्टीवर मारून दिला, एकदाच हुंगला आणि म्हणाले, "बाळा, हाच दे, लिंबासारखा स्वच्छ वास आहे, तिला हेच आवडतं." मी म्हटलं काका, थोडं थांबा, पण त्यांना घाई होती. दुसऱ्या दिवशी हजर. "बाळा, बाटली बदलली गेली बहुतेक, हा गोड गोड वास आहे." बाटली तीच होती. काल त्यांनी हुंगलेली पट्टी मी काउंटरखाली नाव लिहून ठेवली होती, ती त्यांच्या हातात दिली, लिंबाचा मागमूस नव्हता, नुसती व्हॅनिला आणि खाली मऊ मस्क. ते बराच वेळ ती पट्टी नाकाजवळ धरून उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "म्हणजे वास पण म्हातारा होतो की." बाटली उघडलेली असल्यामुळे परत घेता आली नाही, मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तर करायचं कसं ते सांगते. आधी फक्त कागदी पट्ट्या. बाटलीच्या तोंडाला नाक लावायचं नाही, पट्टीवर एकदा मारायचं, अल्कोहोल उडेपर्यंत थोडं थांबायचं, मग नाकापासून जरा लांब धरून हुंगायचं. पट्टीवर लगेच नाव लिहायचं, पेन त्यासाठी, नाहीतर पाच पट्ट्या हातात येतात आणि कुठली कुठली ते देवालाच माहीत. चारपाच झाले की थांबा. नाक दमतं, वासांची सवय होते आणि मग सगळं एकसारखं लागतं. कॉफीच्या बिया हुंगायला ठेवलेल्या दिसतील पण त्याने साध्या हवेपेक्षा जास्त काही होत नाही, स्वतःचीच बाही किंवा कोपराचा आतला भाग हुंगा, नाहीतर बाहेर चक्कर मारून या, तसंही फाउंडेशन बघायला बाहेर जायचंच आहे.

पट्ट्यांमधून दोन निवडा आणि आता अंगावर, एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. दोनच. मनगटं एकमेकांवर घासू नका, घासल्याने उष्णता होऊन वरचा वास लवकर उडतो आणि आपल्याला तर तो हळूहळू बघायचाय. मग निघा. घरी जा, कामं करा, वीस मिनिटांनी, दोन तासांनी आणि झोपायच्या आधी एकदा हुंगा आणि दोन ओळी लिहून ठेवा. रात्री ज्या मनगटावरचा वास पुन्हा पुन्हा घ्यावासा वाटला तो तुमचा. दोन्ही नाही वाटले तरी हरकत नाही, अजून कितीतरी आहेत.

काहीच वास येत नाहीये असं वाटलं तर लगेच बाद करू नका, काही प्रकारचे मस्क काही माणसांच्या नाकाला कळतच नाहीत, शेजारच्याला विचारा. बायकांचा-पुरुषांचा हा फरक बाटली आणि जाहिरातीचा जास्त असतो. १९९४ मध्ये सीके वन हा परफ्युम दोघांसाठी म्हणूनच काढला आणि तो प्रचंड चालला, तेव्हा समोरच्या भिंतीवरचं पण बिनधास्त हुंगा. आणि प्रसिद्ध आहे म्हणून आवडलंच पाहिजे असं काही नाही. शनेल नंबर फाइव्ह १९२१ चा, त्यातल्या अल्डिहाइड्स नावाच्या सुगंधी रसायनांमुळे सुरुवातीला साबणासारखा, मेणासारखा चमकदार वास येतो, कोणाला तो वेड लावतो आणि कोणाला डोकं दुखायला लावतो, दोन्ही खरं.

बाटली लहान घ्या. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे ५० मिलीच्या बाटलीत जवळपास ५०० फवारे. दिवसाला चार मारलेत तरी चार महिने. ३० मिली किंवा १० मिली मिळत असेल तर पहिल्यांदा तेच, आणि छोटी सॅम्पलची कुपी मिळते का हे विचारायला लाजू नका, फाउंडेशनचं पण थोडं डबीत काढून देतात कधीकधी, न विचारता मात्र क्वचितच मिळतं.

दुसरी फेरी: डबा उलटा करा

ठरलं की मग परत या, आणि आता डब्याची मागची बाजू वाचा. उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यावर ६, १२ किंवा २४ आकडा आणि पुढे एम, म्हणजे उघडल्यापासून इतके महिने. मस्कारा मात्र तीन ते सहा महिन्यांत बदलाच, वास किंवा घट्टपणा बदलला तर त्याआधी. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमीकडे असते, एक टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिता येतात, म्हणजे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेला घटक मागे अगदी शेवटी असेल तर तो नावापुरताच असण्याची शक्यता जास्त. लाल-गुलाबी वस्तूंमध्ये कार्माइन किंवा सीआय ७५४७० दिसलं तर तो रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी बघून घ्या.

त्वचा नाजूक असेल तर फ्रॅग्रन्स-फ्री, म्हणजे सुगंध न घातलेलं, शोधा. अनसेंटेड म्हणजे तेच नाही, त्यात मूळ वास दाबायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. हायपोअ‍ॅलर्जेनिक (अ‍ॅलर्जीची शक्यता कमी) आणि नॉन-कॉमेडोजेनिक (त्वचेची छिद्रं न बुजवणारं) हे शब्द ऐकायला भारदस्त असले तरी सगळीकडे लागू होईल अशी एकच ठरलेली कसोटी त्यांच्यामागे नाही. लिनालूल, लिमोनिन अशी नावं दिसली तर ते सुगंधातले घटक आहेत, बहुतेकांना काही होत नाही पण आधी कधी पुरळ आलं असेल तर नाव लक्षात ठेवा.

टेस्टर उचलून बिलाला जाऊ नका, सीलबंद नग मागा, डब्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर एकच आहे का बघा, नावाचं स्पेलिंग बघा. दोन ब्रँडमध्ये अडकला असाल तर डब्याच्या आकारावर नको, मिली किंवा ग्रॅम वाचून तुलना करा, जाड काचेच्या बाटल्या फार फसवतात. परत घेण्याचा नियम पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही: उघडलेली वस्तू घेतात का, किती दिवसांत, पैसे परत की दुसरी वस्तू. बिलाच्या वेळी "अजून एवढ्याचं घेतलंत तर हे फुकट" असं येईल. यादीत असेल तर घ्या, नसेल तर "नको, धन्यवाद" म्हणा, काउंटरपलीकडचं माणूस मनाला लावून घेत नाही, त्याला ते विचारावंच लागतं.

घरी आणल्यावर

नवीन वस्तू पहिल्याच दिवशी तोंडभर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा, खाज, लाली, पुरळ काही आलं तर लगेच धुवा, फोटो काढा, वस्तू आणि बिल घेऊन दुकानात जा, आणि सूज किंवा त्रास वाढला तर थेट डॉक्टरकडे. डोळ्यांच्या वस्तू लेन्स घालणाऱ्यांनी आणखी जपून.

उघडल्याची तारीख छोट्या स्टिकरवर लिहून बुडाला चिकटवा, तेच पेन इथेही कामाला येतं. परफ्युम बाथरूममध्ये ठेवू नका, तिथली वाफ आणि सारखी कमीजास्त होणारी उष्णता त्याला मानवत नाही, खिडकीत पण नको, त्याच्या खोक्यातच घालून कपाटात अंधाऱ्या जागी ठेवा. आणि मनगटावर ज्याचा वास रात्री आवडला होता ती नाव लिहिलेली पट्टी त्या खोक्यात टाकून द्या, कपाट उघडलं की छान वाटतं.